दुखणं कोणत्या वर्षी काढावं

आजार केव्हाही होऊ शकतो, असं अजूनही बऱ्याच लोकांना वाटतं. अशा लोकांनी आपलं करविवरण दुसऱ्याकडून भरून घ्यावं.

निवृत्त मुख्य हिशेबनीस, घरच्या भाषेत 'साहेब' (हे नाव बायकोने ठेवलेलं, आदर हे कारण नव्हे), यांना नियम तोंडपाठ होता: औषधोपचाराचे पैसे ज्या वर्षी भराल त्याच वर्षी वजावट, तीही खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच. साहेबांनी याचा सरळ अर्थ लावला. दरवर्षी थोडंथोडं आजारी पडणं ही शुद्ध उधळपट्टी आहे. समंजस कुटुंबाने एक वर्ष ठणठणीत राहावं आणि पुढच्या वर्षी एकजुटीने अंथरूण धरावं.

चालू वर्ष ठणठणीत म्हणून जाहीर झालं. मेव्हण्याचा हर्निया पुढे ढकलला. मुलीचा चष्मा स्थगित झाला. ती शेजारच्या काकांना काकू म्हणू लागली, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. सर्दीला परवानगी होती (घरगुती, विनापावती). कुटुंबाच्या आरोग्यात नव्वद टक्के सुधारणा झाली. उरलेले दहा टक्के कण्हत होते.

अडचण एकच, बायकोचा गुडघा. तो चालू वर्षातच दुखायला लागला.

"अहो, जिना चढवत नाही हो मला. जीव जातो."

"मग खालीच झोप. वर्ष संपतच आलंय."

"गुडघ्याला कळतंय का ते?"

"समजावून सांग ना त्याला."

तिने समजावलं. भिंत धरून, डोळ्यांत पाणी आणून समजावलं. साहेबांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण वाईट वाटण्यावर वजावट नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी सगळं कुटुंब नटूनथटून दवाखान्यात हजर झालं. गुडघा तपासून डॉक्टर म्हणाले, "आधी आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं. आता सांधाच बदलावा लागेल."

खर्चाचा आकडा ऐकून साहेबांना गहिवरून आलं. एका गुडघ्यातच मर्यादा पार! त्यांनी डॉक्टरांना मिठी मारली.

"दुसराही बघा की," ते म्हणाले. "वर्ष नवंच आहे."

"अहो," बायको खुर्चीतून शांतपणे म्हणाली, "गेलं वर्षभर मी तुमच्यावर एकदाही चिडले नाही, लक्षात आलंय का? ते सगळं मी याच वर्षात धरलंय."

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त, ती मर्यादा नेमकी किती, असा प्रश्न वाचता वाचता ज्यांच्या मनात येऊन गेला, त्यांनी आपल्या घरात कोण लंगडतंय तेवढं बघून घ्यावं.