शुक्रवारचा लाइट

सॅमकाका आपटेकर कुणाकडे भेटायला गेले की खुर्चीत बसायच्या आधी वर बघतात. पंखा नाही, बल्ब. मग घरच्या माणसाचा चेहरा कलिंगड पारखावं तसा निरखतात आणि म्हणतात, "जरा खिडकीकडे सरका. डोळ्यांखाली खड्डे पडलेत." आमच्या मजल्यावरचे कुलकर्णी वारले तेव्हा तर यांनी कहरच केला. माणसं भेटायला येताहेत, रडताहेत, आणि हे हार घातलेल्या फोटोवरची ट्यूब बंद करताहेत. का, तर काच चमकत होती म्हणे! "गेलेल्या माणसाचा चेहरा तरी नीट दिसू द्या की हो." आणि फोटो खरंच चांगला दिसायला लागला. माझं मात्र डोकं फिरलं. फोटोग्राफर मी आहे. ते मला सुचायला हवं होतं.

तर आधीच सांगून टाकतो, सॅमकाकांवर मी जळतो. लपवाछपवी नाही. आमची ही म्हणते, "इतके जळता, तर दुकानात वेगळे लाइट कशाला ठेवलेत?"

दुकान वडाळे तलावाजवळ आहे. लग्नाचे फोटो, व्हिडिओ, आणि शूटिंगचे लाइट भाड्याने. माल सगळा कंपनीचा. सॉफ्टबॉक्स, स्टीलचे स्टँड, चाकं लावलेल्या बॅगा. हल्ली पनवेलमध्ये ज्याच्या हातात फोन आहे तो शॉर्ट फिल्म काढतो. ही मंडळी माझ्या दुकानात येतात, एसीची हवा खातात, एकेका लाइटला हात लावून बघतात आणि मग विचारतात, "काका, ते सॅमकाका कुठे राहतात?" म्हणजे पत्ताही मीच सांगायचा. आणि माझं दुर्दैव असं, की तो मला पाठ आहे. माझ्या समोरचाच दरवाजा.

सॅमकाका टेलिफोन खात्यातून रिटायर झाले. मूळचे आपट्याचे, बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. त्यांचे निम्मे नातेवाईक केव्हाच तिकडे इस्रायलला गेले, मुलगी दीनाही लग्न करून तिकडेच. रिबेकाकाकू वारल्यापासून घरात हे एकटे आणि यांचे लाइट. आता लाइट म्हणायचं ते आपलं म्हणायचं. केकचे साचे, बिस्किटांचे डबे, आणि त्यांत गणपतीच्या मखरातल्या उरलेल्या एलईडीच्या पट्ट्या. रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून पाइप रोवला की झाला स्टँड. दिवाळी संपली की हे बाजारातून पडून राहिलेले पांढरे आकाशकंदील गोळा करणार. त्यात बल्ब सोडला की उजेड कसा मऊ पडतो, ते ज्याला त्याला ऐकवणार. आणि उजेड चेहऱ्यावर परतवायला काय, तर मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके. एका फिल्मची हिरॉइन त्या खोक्यासमोर अशी काही रडली, की कॉलेजच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. रडेल नाही तर काय करेल? नाकासमोर हातभर अंतरावर बोंबलांचा खोका!

भाडं घेत नाहीत. "पिक्चर झाला की घरी आणून दाखवायचा, डायरेक्टर," एवढीच अट. येणारा प्रत्येक जण डायरेक्टर. कालपर्यंत शेंबूड पुसता न येणारा आमच्या इमारतीतला मुलगासुद्धा डायरेक्टर. मी तेवढा 'सुहासराव'. लाइट देताना यांचा एकच मंत्र, "आधी चेहऱ्याला विचारलंत का? त्याला काय लपवायचंय, काय दाखवायचंय? मग लाइट लावा." पोरं माना डोलावतात. फिल्म संपली की पडद्यावर अक्षरं येतात, 'विशेष आभार: सॅमकाका'. माझंही नाव एकदा आलं होतं. सेटवर थर्मास पाठवला होता मी. 'चहा: सुहासराव'.

आणि आता यातली खरी गंमत ऐका. पनवेलला उजेड पुरवणारा हा माणूस शुक्रवारी सूर्य मावळला, की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत बटणाला हात लावत नाही. त्यांचा शब्बाथ. लाइट लावायचा नाही, बंद करायचा नाही, फोन उचलायचा नाही. हॉलमधला लाइट दिवसाउजेडीच लावून ठेवतात, तो तसाच चालू राहतो. दुसऱ्याला 'बंद कर' असं सांगायलाही परवानगी नाही.

मग कोण? मी!

शुक्रवारी जेवण झालं की मी समोर जातो. दार नुसतं लोटलेलं असतं. टेबलावर आधीच लावलेला तेलाचा दिवा आणि काळ्या मनुकांच्या सरबताचे दोन ग्लास. जरा इकडचं तिकडचं बोलणं होतं, मग सॅमकाका छताकडे बघत म्हणतात, "आज हॉलमध्ये जरा जास्तच उजेड आहे, नाही?" मी उठून बटण दाबतो. "असं होय!" ते म्हणतात, जसा काही लाइट स्वतःच्या मनाने गेला. मी घरी येतो. काकू गेल्यापासून हे असंच चाललंय. सगळं गिऱ्हाईक यांनी पळवायचं आणि वर बटणं मी दाबायची! पण सरबत झकास असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

गणपती झाले आणि दीनाचे फोन वाढले. "डॅडी, बस झालं आता, इकडेच या." कागदपत्रं तयार झाली. सोसायटीत सगळे हळहळले. मी मनातल्या मनात मांडे खाऊ लागलो. सॅमकाका गेले की पोरं जाणार कुठे? माझ्याकडेच. 'विशेष आभार' कुणाचे? माझेच. मी अगदी तोंड पाडून त्यांना म्हणालो, "जा हो काका. शेवटी मुलगी ती मुलगी." ते नुसते हसले.

त्याच आठवड्यात प्रणालीचं शूटिंग होतं. प्रणाली कोन गावची, आगऱ्यांची पोर, जिभेला हाड नाही. नेऱ्याला तिच्या मावशीचं जुनं घर आहे, तिथे शनिवारी शूटिंग. शुक्रवारी दुपारीच ती सॅमकाकांचे डबे घेऊन गेली आणि शनिवारी सकाळी त्यातला मुख्य डबा धूर काढून बसला. सॅमकाका फोन उचलेनात. उचलतील कसे? शेवटी तिने मला फोन केला. मला नाचावंसं वाटलं हो! टेम्पोत सगळा कंपनीचा माल भरला आणि नेरे गाठलं.

सीन असा होता, की एक म्हातारी घरात एकटीच मुलाची वाट बघत बसलीय. मी जीव ओतून लाइट लावले. एक कोपरा काळा ठेवला नाही. प्रणाली कॅमेऱ्यात बघत राहिली, बघतच राहिली.

"काय, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"काका, म्हातारी एकटी हाय. तुमच्या लाइटात वाटतंय, आता रांग लावून सगळी तिला आहेर देतील."

"नीट दिसतेय ना पण?"

"दिसतेय वो! पण रिसेप्शन नाय ना हाय हितं."

पोरं तोंडावर हात धरून हसली. माझे कान लाल झाले. मी एक लाइट बंद केला, दुसरा भिंतीकडे फिरवला, तिसऱ्यावर बटर पेपर चढवला. म्हातारीच्या चेहऱ्याकडे बघत उभा होतो आणि माझ्याच तोंडून निघालं, "थांब, जरा चेहऱ्याला विचारू दे." जीभ चावली, पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

शेवटच्या शॉटमध्ये म्हातारी बसलेली असताना खोलीतला लाइट जायचा होता. "बटण कोण दाबणार?" मी विचारलं.

"बटण कशाला?" प्रणालीने सॅमकाकांचा एक बिस्किटाचा डबा पुढे केला. त्याला मागे एक चकती होती. "वेळ लावून ठेवायची, आपोआप बंद होतो. सॅमकाकांनी केव्हाचा केलाय. आमी सगळेच वापरतो, तुमाला म्हायती नाय?"

शॉट सुरू झाला. म्हातारी दाराकडे बघत होती. टक् झालं आणि लाइट गेला. कुणी हात लावला नव्हता. प्रणाली "कट!" म्हणून ओरडली, पोरं नाचली. मी त्या डब्याकडे बघत राहिलो. केव्हाचा केलाय म्हणे. मग असला एक डबा या माणसाला स्वतःच्या हॉलमध्ये लावता येत नव्हता?

पुढच्या शुक्रवारी मी समोर गेलो. दार लोटलेलं, लाइट चालू, दोन्ही ग्लास भरलेले. आज विचारायचंच, असं ठरवून गेलो होतो. सॅमकाकांनी छताकडे बघितलं.

"आज जरा जास्तच उजेड आहे, नाही?"

"असू दे की काका. थोडा वेळ."

ते चमकले. सरबताचा घोट घेतला. मीच मग विचारलं, "दीनाकडे कधी निघताय?"

"नाही जात."

"का हो? सगळं ठरलं होतं ना?"

त्यांनी ग्लास टेबलावर गोल गोल फिरवला. "तिथे सगळी आमचीच माणसं, सुहासराव. शुक्रवारी लाइट बंद करायला येणार कोण?"

डब्याचं नाव मी काढलं नाही. सगळ्या पनवेलला या माणसाने लाइट दिले. बंद करायचा एकच होता, तो माझ्यासाठी ठेवला होता. आणि मी इतकी वर्षं त्या पोरांवर आणि यांच्यावर जळत बसलो होतो. सरबत एका दमात संपवलं.

मग उठलो आणि बटण दाबलं.

"असं होय!" सॅमकाका म्हणाले.

एरवी मी इथूनच घरी जातो. त्या दिवशी चाचपडत परत येऊन खुर्चीत बसलो. टेबलावर तेवढा तेलाचा दिवा होता.

"जरा दिव्याकडे सरका, सुहासराव," ते म्हणाले. "चेहरा दिसत नाही तुमचा."