माइक पडता कामा नये

माइक तिसऱ्यांदा निसटला तो थेट पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या उघड्या पर्समध्ये जाऊन पडला. बाईंनी घाबरून पर्स मिटली. माइक वायरलेस असल्यामुळे चालूच राहिला आणि उरलेलं कडवं सभागृहाने किल्ल्यांच्या खुळखुळाटात ऐकलं.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरबाईंनी गायकाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. गायकाला सगळे भोवरा म्हणत. गाताना तो स्टँडला कवेत घेऊन गिरक्या घेई, मध्येच स्टँड जमिनीला टेकेपर्यंत तिरका करी आणि पायाने उचलून पुन्हा उभा करी.

"दर शनिवारचा कार्यक्रम तुम्हालाच द्यावा असं मनात होतं," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आता येत्या शुक्रवारी शेवटची संधी. माइक पडता कामा नये. बाकी माझं काही म्हणणं नाही. हातात धरून का नाही गात?"

"मग स्टँडचं काय करू?" भोवऱ्याने विचारलं. हा प्रश्न त्याला खरोखरच पडला होता.

शनिवार मिळाले नाहीत तर ड्रम वाजवणारा त्याचा मेहुणा बँड सोडणार होता. तसं त्याने जेवताना दोनदा सांगितलं होतं. ड्रम मेहुण्याचेच होते. म्हणजे बँडमध्ये उरणार भोवरा आणि स्टँड.

म्हणून भोवऱ्याने थोरल्या बहिणीला, ताईला, फोन केला. ताई एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. दोरखंड, साखळ्या, हेल्मेटचे पट्टे असल्या वस्तू तुटेपर्यंत ओढायच्या आणि कुठे तुटल्या ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम. रविवारी सकाळी ती वही घेऊन भोवऱ्याच्या गॅरेजमध्ये हजर झाली.

"तुझा जुना माइक बारीक होता," तिने पाहणी करून सांगितलं. "हा जाड, त्यात बॅटरीमुळे शेपटाकडे जड. क्लिप मात्र तीच. मुलाचा शर्ट बापाला घातलायस तू."

"मग मोठी क्लिप आणतो."

"ती किती ताण सोसते, माहीत आहे?"

"नाही."

"मग कशाला आणतोस?"

पाण्याच्या पाइपला आवळतात तसला स्क्रूचा पत्र्याचा पट्टा तिने आतून रबर लावून माइकभोवती आणि क्लिपभोवती आवळला. भोवऱ्याला चाळीस गिरक्या घ्यायला लावल्या. माइक जागचा हलला नाही. एकेचाळिसाव्या गिरकीला माइकसकट अख्खी क्लिपच स्टँडवरून उडाली.

"छान," ताईने वहीत लिहिलं. "दोष खाली सरकला."

"छान काय त्यात?" दाराशी उभा राहून बघणारा मेहुणा म्हणाला.

"आता तो कुठे आहे ते कळलं ना."

सोमवारी क्लिप स्टँडला कायमची चिकटवली. मंगळवारी स्टँडची वरची नळी खालच्या नळीतून निघून आली. त्या दोन्ही नळ्यांतून आरपार बोल्ट घातला. बुधवारी खालची लोखंडी तबकडी सुटली आणि घरंगळत फाटकापर्यंत गेली. ती चार बोल्टनी प्लायवूडच्या फळीवर बसवली. गुरुवारी फळीसकट स्टँड भोवऱ्याच्या अंगावर आला.

"रंगमंचालाच ठोकून टाकू," भोवरा पाठ चोळत म्हणाला. त्याने फोन करून विचारलं. रंगमंचाला एकही भोक पडलेलं चालणार नाही, असं मॅनेजरबाईंनी दोनच वाक्यांत सांगितलं.

"म्हणजे फळीवर वजन पाहिजे," ताई म्हणाली. तिने गॅरेजभर नजर फिरवली. नजर मेहुण्यापाशी येऊन थांबली.

"ताई, माझ्याकडे असं बघू नका."

"वजन किती तुझं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"आणि ड्रमचं?"

मग मोठी फळी आली. पुढच्या टोकाला स्टँड, मागच्या टोकाला ड्रम, स्टूल आणि स्टुलावर मेहुणा. भोवऱ्याने स्टँड धरून सगळा जोर लावला. काहीही हललं नाही. ताईने वहीत तारीख घालून सही केली.

ही चाचणी झाली तेव्हा मेहुणा चहा पीत बसला होता, एवढं मात्र तिने लिहिलं नाही.

शुक्रवारी सभागृह भरलेलं होतं. मॅनेजरबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. दोन कडवी निर्विघ्न पार पडली. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी मेहुण्याला मागची मोठी झांज वाजवायची असे आणि तिथवर हात पुरावा म्हणून तो दर वेळी स्टुलावरून अर्धवट उठत असे. तो उठला आणि नेमका त्याच क्षणी भोवऱ्याने स्टँड पुढे, प्रेक्षकांकडे ओढला.

फळीचं मागचं टोक वर आलं. स्टूल मागे सटकलं, बसायला गेलेला मेहुणा थेट जमिनीवर बसला आणि मोठा ड्रम त्याच्या मांडीवर. वाजवायचं थांबवलं तर चूक झाल्याचं कळेल, या भीतीने तो बसल्या जागेवरून हाताला लागेल ते वाजवत राहिला. ड्रम, फळी, एकदा स्वतःचा गुडघा. भोवऱ्याची त्याच्याकडे पाठ होती. लोक उभं राहून टाळ्या वाजवताहेत एवढंच त्याला दिसलं. त्याने तीनदा वाकून नमस्कार केला.

"माइक पडला नाही," मॅनेजरबाईंच्या खोलीत शिरताशिरता तो म्हणाला.

"नाही पडला. शनिवार तुमचे." त्यांनी कागद पुढे केला. "लोक विचारतायत, ते मागचे गृहस्थ दर शनिवारी पडणार का?"

भोवरा काही बोलायच्या आत मेहुणा कोपर चोळत म्हणाला, "पडू की. त्यात काय."

"मग ठरलं. आणि तुम्ही," मॅनेजरबाई भोवऱ्याकडे वळल्या, "जरा एका जागी उभे राहत जा. मागचं दिसत नाही."

रविवारी ताई पुन्हा गॅरेजमध्ये आली. मेहुण्याच्या मागे गादी अंथरली होती आणि तो सकाळपासून अकरा वेळा पडला होता. त्यातल्या आठ वेळा बरोबर झांजेच्या ठोक्यावर. भोवऱ्याकडे आता एकच काम उरलं होतं: तिसऱ्या कडव्याच्या शेवटी स्टँड एकदा ओढायचा. वाट बघताबघता त्याने टाचेवर एक छोटीशी गिरकी घेतली.

"हलू नकोस," ताई वहीतून मान वर न काढता म्हणाली. "आकडा बिघडतो."