‘येतो’ म्हणणारा भाडेकरू

एका जंगलात, मुलांनो, भाडेकरार नुकताच पोचला होता. वणवा, पूर आणि शिकारी यांच्यानंतर त्याचा नंबर लागला.

त्याआधी बीळ रिकामे दिसले की प्राणी आत शिरत आणि आत कोणाचे दात दिसले की बाहेर पडत. पद्धत सोपी होती, पण तिला सुधारलेली म्हणता येत नव्हते.

त्या जंगलात साळूबाई नावाच्या एक साळिंदर बाई होत्या. टेकडीच्या पायथ्याशी त्यांची दोन बिळे होती, भिंतीला भिंत लागून. स्वतः त्या वरच्या खडकाखाली राहत. दोहोंपैकी एक बीळ रिकामे होते. ते बघायला ससोबा नावाचे एक सभ्य ससे आपल्या सशिणीला घेऊन आले. सशिणीचे दिवस भरत आले होते आणि जागा लगेच हवी होती.

साळूबाईंनी करार मोठ्याने वाचून दाखवला. ससोबांनी तो पुन्हा एकदा स्वतः वाचला.

मुदत अकरा महिन्यांची होती. अकराच का, हे कोणाला माहीत नव्हते, कारण जंगलात महिने मोजायची पद्धतच नव्हती. भिंतीला दात लावू नयेत, असे एक कलम होते. शेजार शांत आहे, असे दुसरे होते. शेवटचे कलम असे की भाडेकरूला नकोसे होईल तेव्हा जागा सोडता येईल. मात्र सोडताना त्याने उंबऱ्यात उभे राहून मालकिणीच्या तोंडावर ‘जातो’ असे म्हणावे.

हे कलम ससोबांना फारच उदार वाटले. त्यांनी चिखलात पाय बुडवला आणि ठसा उमटवला.

ठसा वाळायच्या आत सशिणीने आतल्या भिंतीवरची मुळे बाजूला सारली. मागे मोठे भगदाड होते. भगदाडात एक डोळा होता.

“नवीन का?” डोळ्याने विचारले. “बरं झालं. फार एकटं एकटं वाटायचं.”

ते शेजारचे अजगरअण्णा होते. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. आपण नुकतेच जेवलो आहोत, काळवीट होते, जरा जड गेले, असे सांगितले. पुढचे जेवण कधी, ते पचनावर अवलंबून होते.

“आपण किती जण?” अण्णांनी विचारले.

“दोघं,” ससोबा म्हणाले.

अण्णांनी सशिणीकडे बघितले. “सध्या,” ते म्हणाले आणि डोळा मिटून घेतला.

सशीण तडक बाहेर आली. इथे माझी पिल्ले होणार नाहीत, असे तिने नवऱ्याला सांगितले. ससोबांनी साळूबाईंना खाली बोलावून आणले आणि जागा सोडत असल्याचे कारणासह कळवले. साळूबाई रागावल्या नाहीत. शेजार शांत आहे की नाही, एवढेच त्यांनी विचारले. आहे, हे ससोबांना मान्य करावे लागले. मग सोडा की जागा, करारातच तसे आहे, असे त्या म्हणाल्या.

ससोबा उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी पुढचे पाय जोडले.

“बरंय साळूबाई, येतो.”

“या,” साळूबाई म्हणाल्या. “म्हणजे राहताय तर.”

मुलांनो, त्या जंगलातही आपल्यासारखीच रीत होती. निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नसे. मांजराच्या पंजातून निसटलेला उंदीरसुद्धा पळता पळता ‘येतो’ म्हणत असे.

ससोबांनी ‘निघतो’ म्हणून बघितले. साळूबाईंनी करारावर नखाने टकटक केले. ‘बरं, भेटू मग’ म्हणून बघितले. भेटायला त्यांची काहीच हरकत नव्हती. शेवटी ससोबांनी मोठा श्वास घेतला आणि ‘जा’ एवढे उच्चारले, तोच सशिणीने त्यांच्या तोंडावर पंजा ठेवला.

“अहो, माझे दिवस भरलेत. उंबऱ्यात उभं राहून हे काय बोलता?”

“वहिनींचं खरं आहे,” आतून अण्णा म्हणाले. “भरल्या घरात असं बोलू नये.”

मग सशिणीला आठवले की आपण ठसा दिलेलाच नाही. तिने नवऱ्याला निरोप राहू द्या आणि पळा म्हणून सांगितले. ससोबा म्हणाले, करार केलाय, लोक काय म्हणतील? तू हो पुढे, मी रीतसर बोलून येतोच. सशीण कोणाला काही न सांगता करवंदीच्या जाळीकडे चालू लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर ससोबांनी डोळे घट्ट मिटले.

“जातो.”

साळूबाईंच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. रागाने नव्हे, काळजीने. बाई मनाने चांगल्या होत्या.

“अगंबाई, बोललातच शेवटी! आता असेच पाय उचलू नका हो. आत या, घोटभर पाणी प्या, जरा टेका, मग निघा.”

अशुभ शब्द निघाला की थोडे बसून निघावे, हीही तिथली रीतच होती. ससोबा आत गेले, पाणी प्यायले आणि बसले. साळूबाई तोंड गोड करायला मध आणण्यासाठी वर गेल्या. अजगरअण्णा जरासे पुढे सरकले. काळवीट एव्हाना पचले होते.

साळूबाई मध घेऊन आल्या, तेव्हा बिळात अगदी शांत होते.

त्या हळूहळू करवंदीच्या जाळीपाशी गेल्या.

“आमचे हे निघाले का?” सशिणीने विचारले.

साळूबाईंनी मान खाली घातली. “गेले.”

सशिणीने पुढे स्वतःच माळावर एक खळगा उकरला. तिची पिल्ले फार उद्धट निघाली. कुठूनही, कोणाशीही बोलता बोलता, न सांगता उठून पळतात. सगळी धडधाकट आहेत.

तात्पर्य : जागा सोडताना नीट निरोप घ्यावा, म्हणजे मागे लोक चांगले बोलतात. ससोबांबद्दल जंगलात आजही सगळे चांगलेच बोलतात. अजगरअण्णा तर जिभल्या चाटत बोलतात.