पहिलं नाव कोणाचं?

बायकोच्या ठेवीवर कर कापू नका, असं बँकेला सांगणारा पंधरा-एचचा फॉर्म मी स्वतःच्या नावानं भरला आणि खाली सहीही माझीच ठोकली.

सुनंदा उकव्याच्या शाळेतून निवृत्त झाली. मिळालेला पैसा तिनं मुदतठेवीत घातला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. पहिल्या व्याजातून ती बहिणीला घेऊन बोधगयेला जाणार होती. बँकेनं त्यातून कर कापला. त्या बँकेत माझी स्वतःची दमडीची ठेव नव्हती; त्या नसलेल्या ठेवीला मात्र माझ्या फॉर्ममुळे कोणी हात लावला नाही.

"बोधगया मी मनातल्या मनात पाहून घेईन आता," सुनंदा म्हणाली. मी तिला गजभियेसाहेबांकडे घेऊन गेलो.

गजभियेसाहेब आमच्या वॉर्डातले निवृत्त कॅशियर. त्यांच्याकडे बसायची एक रीत आहे. ठेवीत ज्याचं पहिलं नाव, त्याला खुर्ची. दुसऱ्या नावाला स्टूल. भरवेलीच्या खाणीत माणसांवर डाफरणारे फोरमन त्या स्टुलावर गुडघे जुळवून बसलेले मी पाहिलेत. तरी सवयीनं मी खुर्चीकडे वळलो.

"ते मॅडमची हाय."

"पण मी नवरा होय ना तिचा!"

"लग्नात एक, टॅक्सात दोन," साहेब म्हणाले. हे त्यांचं ब्रीदवाक्य. वारासिवनीला एका लग्नात स्टेजवर चढून त्यांनी नवरा-नवरीवर फुलं टाकली आणि विचारलं, "दोघाइचे पॅन वेगळे हायेत ना?" नवरी बिचारी हौ म्हणाली. नवरदेव अजून विचारात असेल.

सुनंदाच्या नावानं रिटर्न भरलं की कापलेला कर परत मिळेल, असं त्यांनी समजावलं. मला नाही, तिला. मी मध्ये तोंड घातलं की म्हणायचे, "तुमाले इचारलं का?"

काम सोपं होतं, पण पुरं होईना. रोज काहीतरी राहायचं. "आज पॅनची झेरॉक्स राह्यली. उद्या या. दोघंही या." उद्या पासबुक. परवा कळलं की सुनंदाच्या खात्याला मोबाईल नंबर माझा आहे.

"काहून? मॅडमले मोबाईल नाही?"

"हाय ना," सुनंदा म्हणाली, "पण याइले वाटते, बँक मले फोन करून पळवून नेईन."

मग आमची जुंपायची. साहेब स्वतःच्या हातानं चहा करायचे, पहिला कप सुनंदाला द्यायचे आणि रेडिओवर आवडतं गाणं लागावं तसे डोळे मिटून आमचं भांडण ऐकायचे. एकदा आम्ही घरूनच रुसून आलो होतो. साहेब बेचैन झाले. "काहून, आज बोलून नाही राह्यले?"

शेवटी मी हुशारी केली. सुनंदा नको नको म्हणत असताना घरातला झाडून सगळा कागद पिशवीत भरून नेला. आता काही राहिलं म्हणायची साहेबांना सोयच नव्हती. त्याच बैठकीत रिटर्न गेलं.

काही आठवड्यांनी पैसे आले, मेसेज सुनंदाच्या मोबाईलवर आला, बोधगयेची तिकिटं निघाली. आम्ही पेढे घेऊन गेलो. साहेबांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"माह्यी बायको नर्स होती," ते म्हणाले. "दोघंही रिटायर झालो की दोघाइचे फॉर्म सोबत भरू म्हणलं होतं. असेच भांडलो असतो आम्ही बी. ते रिटायर व्हायच्या आधीच गेली." मग पेढ्याकडे पाहत म्हणाले, "बरं झालं, तुमचं काम झालं. आता यायचं काही कारण नाही."

पिशवी भरून न्यायला सुनंदा का नको म्हणत होती, हे मला तेव्हा कळलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"कारण नाही कसं? याइची पेन्शन राह्यली ना साहेब. त्याचे फॉर्म बी याइनंच भरले हायेत."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहरा खुलला. पेढा तोंडात टाकून चहाचं आधण ठेवायला उठता उठता म्हणाले,

"मंग काही चिंता नाही, मॅडम. हा माणूस हाय तोवर काम काही संपत नाही."