तेवीस आजे, एक कोट

गावाला इतिहास असलाच तर तो आपल्याच घरात, असं निवृत्त हवालदार जोतिबा चारचौघांत छाती ठोकून सांगायचा. म्हणूनच पलूसजवळच्या त्या गावात ग्रंथालयानं ‘गावचा ठेवा’ गोळा करायला घेतला, तेव्हा काखेत आज्याचा भलामोठा फोटो मारून सगळ्यांत आधी तोच हजर झाला. फोटोत लष्करी कोट, छातीवर बिल्ला, खुर्चीच्या हातावर आवळलेली मूठ.

“आमचा आजा लढाईवर गेलेला. ह्यो भिंतीच्या मधोमध लागला पायजे,” त्यानं ठेवा सांभाळणाऱ्या संयोगिताला बजावलं.

फोटो मधोमध लागला. उद्घाटनाला जोतिबा कडक इस्त्रीत आला आणि भिंत बघून त्याचं टाळकंच सरकलं. आज्याच्या दोन्ही अंगांना घरोघरचे बावीस आजे, आणि सगळ्यांच्या अंगात तोच कोट! तोच बिल्ला, तेच अर्धं तुटलेलं तिसरं बटण. जन्मात कधी बंदुकीला हात न लावलेला, शेजारच्या शिवतेजचा पणजासुद्धा त्यात ऐटीत बसला होता.

“आमच्या आज्याचा कोट ह्यांच्या अंगात कसा? लाज हाय का कुणाला? काढा समदे खाली!”

“काका, दमानं घ्या,” संयोगिता म्हणाली. “याकूबचाचांनी आज एक वस्तू आणलीय, ती आधी बघा.”

याकूब शिंप्यानं पिशवीतून वस्तू काढली. तोच कोट.

“आवं हवालदार, माझ्या आज्याचा कराडात फोटोचा स्टुडिओ हुता,” तो चाचरत म्हणाला. “येईल त्या गिऱ्हाइकाला ह्यो कोट घालायचे. खुर्ची बी आमचीच.”

जोतिबा मटकन बाकावर बसला. तो फोटो बघूनच त्याचा बाप फौजेत गेला होता, आणि फोटो बघूनच तोही.

“ह्या कोटापायी मी सतरा वर्सं बर्फात काढली रं, याकूब.”

याकूबला फार वाईट वाटलं. “कोट खोटा आसंल, पर तुमची नोकरी तर खरी हाय न्हवं?”

जोतिबा जरा सावरला. उठून त्यानं फोटोवर बोट ठेवलं. “ती हायच. आन ही मिशी बघ. बावीस जणांत एकाला तरी हाय का असली? ती तरी आमच्या घराण्याची हाय.”

याकूबनं मान खाली घातली, कोटाच्या खिशात हात घातला आणि एक झुबकेदार मिशी हळूच टेबलावर ठेवली.

“मोठा फोटो काढला तरच ही लावायचे, हवालदार.”