पाइपलाइन सुरू झाली आहे

सत्यमने शेवटची ओळ पुन्हा एकदा तपासली, बटण दाबले आणि उठून गच्चीच्या कठड्याशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. आपण घडवलेली गोष्ट आपल्यावाचून चालते की नाही हे पडद्याकडे टक लावून पाहण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते. धैर्याच्या बाबतीत तो एकूणच काटकसरी होता.

मुकुंदवाडीत आवडाबाईंच्या घरावरची ही एक खोली त्याने भाड्याने घेतली होती. पावसाने पाठ फिरवलेली असूनही शहर मात्र चहूकडे पसरतच होते. खालचा रस्ता नव्या जलवाहिनीसाठी उकरलेला होता आणि माणूस वाकून आत शिरेल असे काळे पाइप कडेला निमूट पडून होते. त्यांच्याकडे पाहिले की सत्यमला उगाच आपले कुणीतरी आठवे. बोलायचे खूप असावे आणि आतून मात्र रिकामे असावे, असे ते दिसत.

रामप्रसादभाऊंच्या छोट्याशा कंपनीत तो कामाला होता. कोणत्या गल्लीत टँकर केव्हा येणार हे सांगणारी 'फेरी' नावाची वेबसाइट ही त्या कंपनीची एकुलती एक शान. पूर्वी तिच्यात काही बदल करायचा, तर एकेक फाइल हाताने दूरच्या सर्व्हरवर चढवावी लागे. एकदा एक फाइल राहून गेली आणि नकाशावर शहरातले सारे टँकर अरबी समुद्रात उभे दिसले. त्यानंतर सत्यमने मनाशी काही ठरवले आणि आठवड्यांमागून आठवडे बसून ती व्यवस्था उभारली, जिला त्याच्या व्यवसायात पाइपलाइन म्हणतात. एका टोकाने नवा कोड आत सोडायचा. तो आपोआप जुळवला जाई, एकेका चाचणीतून पार होई आणि खरा उतरला तर भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, स्वतःच जाऊन बसे. खोटा ठरला तर जिथल्या तिथे थांबे आणि तसे सांगे. न चिडता, न लपवता. माणसांत क्वचित आढळणारा हा गुण आपण यंत्रात आणू शकलो, याचे सत्यमला मनोमन कौतुक वाटे.

हे सांगण्याचे काम त्याने एका स्वयंचलित निरोप्याकडे दिले होते. निरोप मराठीतच हवेत, असे भाऊंनी बजावले होते. "इंग्रजीत मेसेज आला की मला वाटतं तार आली, कुणीतरी गेलं," ते म्हणाले होते. म्हणून सत्यमने शब्द निवडून, घासूनपुसून तीन वाक्ये रचली. 'पाइपलाइन सुरू झाली आहे.' 'पाइपलाइन फुटली आहे. दुरुस्ती हाती घेतली आहे.' आणि त्याचे सर्वांत लाडके, 'पाइपलाइन यशस्वी. सारे काही ढगावर सुखरूप पोहोचले आहे.' क्लाउडला ढग हा शब्दही भाऊंचाच आग्रह.

भाऊंचे मोबाइलवर दोन ग्रुप होते. एक कंपनीतल्या माणसांचा, दुसरा टँकरचे पाणी घेणाऱ्या शेकडो घरांचा. दोन्हींवर एकच छायाचित्र होते, गंगापूरच्या शेतात बैलजोडीसोबत उभे असलेले भाऊ. निरोप्याला ग्रुप जोडताना सत्यमने बैल ओळखले आणि नाव वाचले नाही.

खाली टँकर येऊन थांबल्याचा आवाज झाला. पाठोपाठ आवडाबाईंचा.

"सांडू, पाइप लावू नको रं."

"का हो काकू? ड्रम तर रिकामे दिसायलेत."

"नळ यायलाय. हे बघ, भाऊच्या ग्रुपवर आलंय. पाइपलाइन सुरू झाली आहे. कसं शुद्ध लिवलंय बघ, सरकारीच असणार."

सत्यम झटकन वळला. त्याने फोन उघडला. कंपनीच्या ग्रुपमध्ये काही नव्हते.

"काकू, नीट इचार करा," टँकरवाला सांडू म्हणाला. "टँकर एकदा गेला की पुन्हा तुमची पाळी कवा येईल, माझ्या हातात नाय."

"नळाला पाणी आल्यावर तुला कोण बोलावतंय? जा, रेल्वे पटरीच्या पलीकडं नवी वस्ती झालीय, तिथं लेकुरवाळ्या बाया हायेत. त्यांना दे. खामखा आमच्या ड्रममधी कशाला वततो?"

एवढ्यात सर्वांचे फोन वाजले. शेजारच्या ओट्यावरून कडूबा आबांनी चष्मा वर सारून मोठ्याने वाचले, "सारे काही ढगावर सुखरूप पोहोचले आहे." मग ते क्षणभर आभाळाकडे बघत राहिले. "मागल्या दुष्काळात इमानं उडवली व्हती, ढगात औषध टाकायला. तसंच असंल. म्हंजी खालून नळ अन् वरून पाऊस. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त केलाय."

टँकर निघून गेला. सत्यम धावत जिना उतरला, पण जेमतेम अर्धा. खाली कोरड्या नळाभोवती घागरी, बादल्या, पिंपे, एक बाळाची आंघोळीची टप, असे सारे जमले होते. त्या भांड्यांच्या तोंडांकडे पाहून त्याच्या तोंडातले वाक्य विरघळले. आवडाबाईंनी त्याला पाहिले आणि पायऱ्या चढून येऊन त्याच्या तळहातावर साखर ठेवली.

"तोंड गोड कर सत्यमबाबा. इतक्या दिसांनी नळ यायलाय."

"मावशी, मी काय म्हणत होतो—"

"आधी खा."

त्याने खाल्ली. तोंडात साखर असताना वाईट बातमी सांगता येत नाही, अशी स्वतःची समजूत घालून तो पुन्हा वर आला.

भाऊंना फोन लावला. ते गंगापूरला पुतणीच्या साखरपुड्यात होते. घंटी वाजत राहिली. लोकांच्या ग्रुपमध्ये भाऊंवाचून कुणाला लिहिता येत नव्हते. सकाळच्या फुलांच्या चित्रांना कंटाळून त्यांनी सर्वांची तोंडे बंद केली होती. त्या ग्रुपात आता बोलू शकणारा एकच जीव उरला होता, तो म्हणजे निरोप्या. आणि निरोप्याला नवे वाक्य शिकवायचे, तर ते पाइपलाइनमधूनच वर पाठवावे लागणार होते.

सत्यमने माफीनामा लिहायला घेतला. संकोची माणसाला बोलता येत नाही म्हणून लिहिता येते, आणि लिहिता येते म्हणून तो थांबत नाही. 'आमच्याकडून अनवधानाने घडलेल्या आणि अंतःकरणाला अखंड सलत राहणाऱ्या या प्रमादाबद्दल' अशी सुरुवात करून त्याने तृषार्त गल्ली, रित्या घागरी आणि शब्दांचे मृगजळ यांवरून वाक्य अलगद फिरवून आणले, पूर्णविराम दिला आणि बटण दाबले.

निरोप्याने आपले कर्तव्य बजावले. नवे शब्द वर पोहोचेपर्यंत त्याला जुनेच ठाऊक होते. पाइपलाइन सुरू झाली आहे.

"बघा, पुन्हा सुरू झाली," खालून आवाज आला. "धारेला जोर असंल."

आणि थोड्याच वेळात: पाइपलाइन फुटली आहे. दुरुस्ती हाती घेतली आहे.

गल्लीतून मोठा सुस्कारा उठला. दोघेतिघे फावडे घेऊन खंदकात उतरले आणि कोरड्या मातीत ओल शोधू लागले. वर सत्यम पडद्याकडे पाहत होता. पाइपलाइनने त्याचा माफीनामा अडवला होता. भाऊंना लांबण लागलेली खपत नाही, म्हणून निरोप मोठा झाला तर पुढे जाऊ देऊ नये, अशी एक चाचणी त्याने स्वतःच मोठ्या अभिमानाने लिहिली होती. तिने आपल्या कर्त्याचीही भीड ठेवली नव्हती. त्या घटकेला, इतक्या फजितीतही, त्याला तिचा हेवा वाटला. आपल्याला कुणाला 'नाही' म्हणायला असे कधी जमले आहे?

त्याने मृगजळ काढले. तृषार्त हा शब्द काढताना त्याचा जीव कळवळला. बटण. सुरू झाली आहे. फुटली आहे. दुरुस्ती हाती घेतली आहे.

खाली मात्र आता वेगळाच रंग चढला होता.

"आबा, दुरुस्तीला किती टाइम लागला हो?"

"च्या उकळायच्या आत," कडूबा म्हणाले. "फुटली, सांगितलं, दुरुस्त केली, पुन्हा सोडली, पुन्हा फुटली, पुन्हा सांगितलं. असलं इमानदार काम जन्मात पाहिलं नाय. कोन इंजिनेर हाय, त्याला फेटा बांधला पायजे."

फेट्याचा विचार मनात येताच सत्यमने उरलेली सारी विशेषणे खोडून टाकली. मग क्रियाविशेषणे. मग अंतःकरण. शेवटी पडद्यावर जे उरले, ते त्याने आयुष्यात लिहिलेले सर्वांत लहान लिखाण होते. त्याने बटण दाबले आणि या वेळी पाठ न फिरवता उभा राहिला.

पाइपलाइन सुरू झाली आहे. मग बराच काळ काही नाही. मग शेकडो घरांत एकाच वेळी फोन वाजले: 'नळाला पाणी येणार नाही. चूक माझी. सत्यम.'

खाली कुणीतरी एक घागर जमिनीवर ठेवल्याचे वरपर्यंत ऐकू आले. सत्यम जिना उतरला. या खेपेला पूर्ण.

"निरोपातला सत्यम म्हंजी तूच का?" आवडाबाईंनी विचारले.

"हो मावशी."

"ती पाइपलाइन?"

"माझी. पाण्याची नाही, कॉम्प्युटरची आहे."

"अन् फुटली ती?"

"तीही माझीच."

"अन् तो ढग?"

"भाड्याचा आहे."

"दुष्काळात लेकरानं ढग भाड्यानं घेतला," आवडाबाई बायांकडे वळून म्हणाल्या, "अन् त्याच्यात पाणी हाय का नाय, तेवढं इचारलं नाय."

कुणीतरी हसले, पण ड्रमवर बोटांनी वाजवून पाहिल्यावर ते हसू ओसरले. ड्रम पोकळ वाजत होते. टँकर गेला होता आणि त्याची पुढची पाळी कधी, हे 'फेरी'लाही ठाऊक नव्हते. सत्यमला काहीतरी म्हणायचे होते. मी विहिरीवरून पाणी वाहून आणीन, मी खोली सोडीन, असे काहीही. पण विशेषणांसोबत त्याचे शब्दही आज संपले होते.

तेवढ्यात कोपऱ्यावर भोंगा वाजला. सांडूचा टँकर हेलकावे खात गल्लीत शिरला. मागच्या नळीतून ठिबकणारे पाणी धुळीत ठिपके काढत होते. टँकर भरलेला होता.

सांडू खाली उतरला. तो घामाने भिजला होता आणि जरा घाबरलेलाही होता.

"काकू, काय भानगड हाय ते सांगा," तो म्हणाला. "पटरीच्या पलीकडं गेलो. ते म्हनले, आमच्याकडं नळ यायलाय, छावणीकडल्यांना दे. तिकडं गेलो. तिथल्या बाया म्हनल्या, आमचं भागलं, मुकुंदवाडीची मानसं लई हैराण हायेत, त्यांना दे. जिकडं जावं तिकडं हात जोडून पुढं पाठवायलेत. आजवर पान्यावरून डोकी फुटलेली पाहिली. पानी नको म्हननारी मानसं आज पाहिली. मला वाटलं, टँकरमधी काही पडून मेलंय. दोनदा वर चढून झाकन उघडून बघितलं."

मग आवडाबाईंनी पदराने तोंड पुसले, आणि ते नुसते तोंडच होते असे सत्यमला वाटले नाही.

"निम्मंच वत," त्या म्हणाल्या. "ड्रम निम्मे भर. बाकीचं पटरीच्या पलीकडं ने. अन् आता त्यांनी नको म्हनलं तर सांग, आवडाबाईनं शपथ घातलीय."

पाइप ड्रममध्ये पडला. पाण्याच्या त्या आवाजात सत्यमचा फोन वाजला. साखरपुडा आटोपून भाऊंनी एकदाचा सदऱ्यातून फोन काढला होता.

"सत्यम, अरे कंपनीच्या ग्रुपवर सकाळपासून एक निरोप नाय," भाऊ नाराजीने म्हणाले. "ती तुझी पाइपलाइन चालू हाय का बंद? लोकांनी केवढी आस लावलीय कामाची."

"चालू आहे भाऊ," सत्यम म्हणाला. "लोकांनी लावलेली आस मी पाहिली."

संध्याकाळी त्याने निरोप्याला योग्य ग्रुप जोडला आणि मग आवडाबाईंपुढे जाऊन उभा राहिला. पाइपलाइन हा शब्दच काढून टाकायचा होता, दुसरा सुचत नव्हता.

"काढ, पन ते निरोप आमच्याकडं बी येऊ दे," त्या म्हणाल्या. "फुटलं तर फुटलं म्हणून सांगतं, असं गल्लीत दुसरं कोन हाय? फक्त नाव बदल. नहर म्हन. जुन्या काळातली ती शहराखालची नहर कवाच आटली. तिच्या नावावर कुनी भांडी घेऊन पळायचं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यमने बटण दाबले आणि कठड्याशी उभा राहिला. गल्लीभर फोन वाजले. नहर सुरू झाली आहे. लोकांनी वाचले, मान हलवली आणि आपापल्या कामाला लागले. एकही दार उघडले नाही.

मग शेजारचे एक दार उघडले. कडूबा आबा ओट्यावर आले, आभाळाकडे पाहिले, नळाकडे पाहिले, थोडा वेळ विचार केला आणि आत जाऊन बादली घेऊन आले.