शॉकॲब्सॉर्बर, घरच्या घरी

"मागून धाडधाड वाजणाऱ्या गाडीत टेस्ट दिलीस तर नापासच होशील," असं बायकोला बजावून साहेब सकाळीच जुन्या गाडीखाली शिरले. दुपारी तिची लायसन्सची टेस्ट होती. क्लासची गाडी ती उत्तम चालवायची, पण घरची गाडी साहेबांनी तिच्या हातात कधी दिली नव्हती. आज मात्र टेस्टला तीच न्यायची होती. गाडी खोलून ठेवली तर प्रश्नच मिटेल, असा विचार आपल्या मनाला शिवलाही नव्हता, असं साहेब आजही शपथेवर सांगतात.

गंजलेला बोल्ट हटून बसला. तेल झालं, हातोडी झाली, शिव्या झाल्या. समोरचे काका खुर्ची घेऊनच आले.

"जमतंय का?"

"काका, मी इंजिनिअर आहे."

"कशातला?"

"पाणीपुरवठ्यातला."

"तरीच! वेळेवर काही सुटत नाही."

अखेर दोन्ही शॉकॲब्सॉर्बर निघाले. त्याबरोबर मागचा सांगाडा खाली लोंबला आणि स्प्रिंग टुणकन उडून काकांच्या खुर्चीखाली गेली. साहेबांनी डावे भाग डावीकडे, उजवे उजवीकडे मांडले आणि ते चहाला गेले. परत येतात तो आईंनी सगळं बादलीत धुऊन काढलेलं.

"आई! आता डावं-उजवं कळणार कसं?"

"मोठे खाली, छोटे वर लावलेत. आभार मान!"

इतक्यात बायको तयार होऊन आली. "गाडी?"

साहेबांनी बादलीकडे बोट दाखवलं. तिचे डोळे भरून आले. काकांना राहवलं नाही.

"सूनबाई, माझी गाडी न्या."

ती पास झाली. साहेबांची गाडी टोचन लावून गॅरेजमध्ये गेली, मागोमाग बादली घेऊन साहेब.

"हे कुणी केलं?" मेकॅनिकनं विचारलं.

"होता एक अडाणी."

"गाडी न्यायला याल तेव्हा त्यालाही आणा. बघायचाय."

गाडी तयार झाल्याचा फोन आला, तेव्हा साहेबांना अचानक पाठदुखी आठवली. किल्ली पुढं करत ते म्हणाले, "तूच जा ना."

"एकटी?"

"आता लायसन्स आहे की!"

गॅरेज कोपऱ्यावरच होतं. ती परतली तेव्हा दिवे लागले होते.

"होतीस कुठं?"

"फिरत होते," ती हसून म्हणाली. इतकं मोकळं ती बऱ्याच दिवसांत हसली नव्हती. "उद्या तुम्हाला ऑफिसला मी सोडते. पुढं बसलात तर बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब मागं बसले.